झिनफांडेल, प्रिमिटिव्हो आणि द्राक्षांची डीएनए-ओळख

अंत्रुजकर | मंगळवार, रात्री ९:४०

शेजारच्या धाग्यावर नाशिकची झिनफांडेल बरी की इटलीची प्रिमिटिव्हो यावरून शंभरी भरायची वेळ आली आहे. दोन्ही बाजूंना सप्रेम नमस्कार, पण ही दोन द्राक्षं नव्हेतच. एकाच जातीची दोन नावं आहेत. तिथे लिहिलं असतं तर अवांतर म्हणून ओरड झाली असती, म्हणून हा वेगळा धागा. पुण्यात असताना काही वर्षं वनस्पतींच्या डीएनए मार्करवर, म्हणजे डीएनएतल्या ओळखीच्या खुणांवर, काम केलं, त्यात द्राक्षंही होती. तेवढ्या भांडवलावर लिहितो.

झिनफांडेल हे कॅलिफोर्नियाचं लाडकं द्राक्ष. ते युरोपातून आलं एवढं ठाऊक होतं, नेमकं कुठून ते कुणाला सांगता येत नव्हतं. प्रिमिटिव्हो हे इटलीच्या टाचेकडच्या पुलिया प्रांतातलं. दोघांचे वेल सारखे दिसतात अशी कुजबुज १९६० च्या दशकापासून होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या कॅरोल मेरेडिथ यांनी १९९० च्या दशकात डीएनए ताडून पाहिला आणि प्रश्न निकालात काढला. पण इटलीतही हे द्राक्ष उपरंच असावं असं वाटत होतं. मग मोर्चा वळला समुद्रापलीकडे, क्रोएशियात. तिथल्या 'प्लावात्स माली' जातीवर सगळ्यांचा संशय होता. तपासली तर ती झिनफांडेल नव्हे, झिनफांडेलची संतती निघाली! म्हणजे पोर गावात आहे, तर पालकही आसपास असणार. झाग्रेबचे इव्हान पेयिच आणि एदी मालेतिच यांनी डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचे जुने मळे पालथे घातले आणि २००१ साली काश्तेला भागातल्या एका मळ्यात हुबेहूब जुळणारे मोजके वेल सापडले. तिथलं नाव 'त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की'. पुढे स्प्लिटच्या संग्रहालयातल्या जुन्या वाळवलेल्या नमुन्यातूनही डीएनए काढला, तेव्हा 'त्रिबिद्राग' हे त्याच जातीचं आणखी जुनं नाव असल्याचं ठरलं.

तर भांडा जरूर, पण वाईनवरून. द्राक्षावरून नको.

मापशेकार | मंगळवार, रात्री १०:१५

बाब, माझी तर दोन हजारांची पैज गेली. पण मग चव इतकी वेगळी कशी? दोन्ही बाटल्या मी स्वतः प्यायलोय. एक जांभळाच्या अंगाने जाते, दुसरी मुरंब्याच्या.

अंत्रुजकर | मंगळवार, रात्री १०:३२

जात एक असली म्हणून वाईन एक कशी होईल? दिंडोरीची जमीन वेगळी, पुलियाची वेगळी. द्राक्ष किती पिकवून तोडलं, ओकच्या पिंपात किती ठेवलं, सगळं चवीत उतरतं. डीएनए मार्कर एवढंच सांगतो की हा वेल त्या वेलाच्याच काडीतून आलेला आहे की नाही. चवीची हमी तो देत नाही.

मडगावची_माई | बुधवार, सकाळी ८:०५

छान धागा. पण हे 'ताडून पाहणं' म्हणजे प्रत्यक्षात काय करतात ते जरा आमच्यासारख्यांना कळेल असं लिहा. वर्तमानपत्रात 'डीएनए चाचणी केली' एवढंच येतं आणि पुढे सगळा अंधार.

अंत्रुजकर | बुधवार, दुपारी १:२०

माई, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडं लांबेल.

वेलाच्या शेंड्याचं कोवळं, नखाएवढं पान घ्यायचं. जून पान नको, त्यात टॅनिनसारखी द्रव्यं फार, डीएनए काढताना सगळं तपकिरी पडतं आणि पुढची क्रिया अडते. पान खलात घालून वर द्रवरूप नायट्रोजन ओतला की ते काचेसारखं कडक होतं, दोन फिरक्यांत हिरवी पूड. ती सीटॅब नावाच्या द्रावणात गरम करायची, क्लोरोफॉर्म घालून फिरवायची, वरचा थर उचलून त्यात थंड अल्कोहोल सोडायचं. पांढरे धागे तरंगायला लागतात. तो डीएनए. हे दृश्य कितीही वेळा बघितलं तरी मला कंटाळा आला नाही.

आता मार्कर. डीएनएत काही ठिकाणी एखादी अक्षरांची जोडी, समजा सी-ए, पुन्हा पुन्हा येत राहते. भजनात एकच अभंग, पण एका गावची मंडळी धृपद अकरा वेळा घोळवतात आणि दुसऱ्या गावची चौदा वेळा, तसं. अभंगाचे बाकी शब्द तेच, घोळवणं वेगळं. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएसआर म्हणतात. त्यांच्या दोन्ही बाजूंचा मजकूर ठरलेला असल्याने तेवढाच तुकडा पीसीआर यंत्रात लाखो पटींनी वाढवता येतो, आणि मग केसासारख्या बारीक नळीतून पळवून त्याची लांबी मोजता येते. प्रत्येक वेलाला एका जागेसाठी दोन आकडे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून.

द्राक्षात हे पहिल्यांदा १९९३ साली ऑस्ट्रेलियात थॉमस आणि स्कॉट यांनी केलं. पुढे युरोपातल्या प्रयोगशाळांनी सहा जागा ठरवून घेतल्या: व्हीव्हीएस२, व्हीव्हीएमडी५, व्हीव्हीएमडी७, व्हीव्हीएमडी२७, व्हीआरझॅग६२, व्हीआरझॅग७९. नंतर त्यात तीन वाढवून नऊ केल्या. नऊ जागांचे अठरा आकडे जुळले तर ती जात एकच, असं व्यवहारात बिनदिक्कत म्हणता येतं.

एक खोच मात्र आहे. यंत्र बदललं, रंगद्रव्य बदललं की तोच तुकडा एका ठिकाणी १३७ मोजतो, दुसरीकडे १३९. म्हणून दर खेपेला सोबत कॅबर्ने किंवा पिनोसारखी ओळखीची जात पळवायची आणि तिच्या आकड्यांवरून आपले सरळ करून घ्यायचे. हे न करता 'जुळत नाही' असा अहवाल देणारे महाभाग पाहिलेत.

डिचोलीकर | बुधवार, दुपारी ३:४८

वाचनखूण साठवली. आईबापाचे आकडे कळतात म्हणालात, म्हणजे पितृत्व चाचणी द्राक्षाचीही होते?

अंत्रुजकर | बुधवार, रात्री ९:१०

होते, आणि पहिला मोठा धमाका तोच होता. १९९७ साली डेव्हिसच्याच जॉन बॉवर्स आणि मेरेडिथ यांनी ३० जागा तपासून दाखवलं की कॅबर्ने सोव्हिन्यों हे कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांचं मूल. लाल वाईनचा राजा, आणि एक पालक हिरवट-पांढरं द्राक्ष! नावातच दोघांची नावं होती, तरी कुणी ठामपणे म्हणत नव्हतं. तर्क साधा आहे: मुलाच्या प्रत्येक जागेवरचा एक आकडा एका पालकात आणि दुसरा दुसऱ्या पालकात सापडायलाच हवा. तीसही जागांवर हिशेब लागला.

१९९९ चं काम मला त्याहून आवडतं. ईशान्य फ्रान्सच्या १६ जाती, त्यात शार्दोने आणि गामेसुद्धा, एकाच जोडप्याची मुलं निघाल्या. एक पालक पिनो, खानदानी. दुसरा ग्वे ब्लां. हे ग्वे म्हणजे साध्या शेतकऱ्यांच्या मळ्यातलं हलकं, आंबट द्राक्ष, वरच्या लोकांनी कायम नाक मुरडलेलं. शार्दोनेची बाटली मिरवणाऱ्यांना हे सांगून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.

तासगावची_लेक | बुधवार, रात्री ९:५५

मी सासरी वास्कोला, पण माहेर तासगाव तालुक्यातलं. घरी अजून तीन एकर बाग. वाईनशी आमचा संबंध नाही, आमचं सगळं खायचं द्राक्ष आणि बेदाणा. प्रश्न असा: आमच्याकडे थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन अशी चार नावं चालतात. रोपं घेताना पैसे वेगवेगळे मोजतो. या मार्करने त्यांच्यातला फरक कळेल का? भाऊ म्हणतो, एका रोपवाटिकेने सोनाका म्हणून साधं थॉमसन गळ्यात मारलं. वाद अजून चालू आहे.

अंत्रुजकर | बुधवार, रात्री १०:४०

ताई, तुमच्या प्रश्नाने बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. या नऊ जागांवर चौघांचे आकडे एकच येणार. कारण तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या बियांपासून आलेल्या नव्या जाती नव्हेत. थॉमसनच्या वेलावर एखाद्या डोळ्यातून वेगळी काडी फुटली, मणी लांब आला, कुणा चाणाक्ष बागायतदाराने ती हेरली आणि तिचीच कलमं वाढवली. आईबाप तेच, अख्खा डीएनए जवळपास तोच, कुठेतरी एखादं अक्षर बदललेलं. नऊ खिडक्यांतून डोकावून ते अक्षर दिसत नाही.

वाईनच्या जगातही हेच. पिनो न्वार काळं, पिनो ग्री राखाडी-गुलाबी, पिनो ब्लां पांढरं. तिघांचे एसएसआर आकडे सारखे. बाटलीवर तीन नावं, दुकानात तीन भाव. रंगाचं कारण नंतर सापडलं. २००४ साली जपानच्या कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रंगाच्या एका जनुकाच्या तोंडाशी डीएनएचा एक उडता तुकडा, ग्रेट१, येऊन बसला की तो जनुक मुका होतो. दोन्ही प्रती मुक्या झाल्या की द्राक्ष पांढरं. ही जागा वेगळी तपासावी लागते.

त्यामुळे भावाला सांगा, साध्या एसएसआर अहवालावर 'सोनाकाच आहे' असं कुणी लिहून देत असेल तर तो कागद नुसता शोभेचा. 'थॉमसनच्या कुळातलं आहे' एवढंच त्यातून सिद्ध होतं. पुढे जायचं तर संपूर्ण जीनोम, म्हणजे वेलाचा अख्खा डीएनए, वाचून त्या एका अक्षराचा शोध घ्यावा लागतो. २००७ मध्ये फ्रेंच-इटालियन चमूने पिनो न्वारच्या वंशातल्या एका वेलाचा जीनोम वाचल्यावर ते शक्य झालं, पण शेतकऱ्याला परवडेल अशी ती नेहमीची चाचणी अजून नाही. मण्याची लांबी, घडाचा सुटेपणा, हे बागेतच बघून ठरवायचं.

मापशेकार | गुरुवार, सकाळी ७:३०

म्हणजे शेवटी डोळ्यांनीच बघायचं! मग हा सगळा खटाटोप कशाला? आमचा आजा काजूचं बोंड बघून कुठल्या भाटातलं ते सांगायचा. फ्रान्सचे म्हातारे पानं बघून सांगत असतीलच की.

अंत्रुजकर | गुरुवार, दुपारी १:१५

सांगतात, आणि त्यांना कमी लेखू नका. पान बघून द्राक्ष ओळखण्याचं तिथे रीतसर शास्त्र आहे. देठाजवळची खाच उघडी की मिटलेली, दात कसे, शेंड्यावर लव किती, असं सगळं टिपतात. १९९४ साली फ्रान्सचे जाँ-मिशेल बुर्सिको चिलीत गेले आणि तिथल्या 'मर्लो'च्या मळ्यात उभं राहून म्हणाले, यातलं बरंचसं मर्लो नाहीच, हे कार्मनेर. बोर्दोतून जवळजवळ नाहीसं झालेलं द्राक्ष चिलीत मर्लो म्हणून सुखाने नांदत होतं. हेच गृहस्थ २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात गेले आणि तिथल्या 'अल्बारिन्यो'बद्दल शंका काढली. डीएनए तपासला, तर ते साव्हान्यें निघालं. स्पेनहून आलेल्या काड्यांवर नावच चुकीचं होतं आणि त्याच काड्या देशभर पसरलेल्या. लोकांनी मळे लावले, लेबलं छापली, ग्राहक तयार केले, आणि एक दिवस कळलं की आपण विकतोय ते भलतंच.

पण बुर्सिको जगात किती आहेत? आणि पानं नसतील तेव्हा काय? हिवाळ्यात छाटलेल्या काड्यांचा भारा आला, पान एकही नाही. तिथे नजर संपते आणि डीएनए सुरू होतो. २०१९ मध्ये तर फ्रान्समधल्या उत्खननात सापडलेल्या द्राक्षबिया तपासल्या, त्यातली ओर्लेआंची सुमारे ९०० वर्षांपूर्वीची एक बी आजच्या साव्हान्यें ब्लांशी तंतोतंत जुळली. नऊ शतकं लोक त्याच वेलाची काडी लावत आले. हे कुठल्या डोळ्यांना दिसणार होतं?

आणि एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच: मूळ खात्रीचा वेल कुठेतरी जपलेला हवा. फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या वाळूत व्हासालचा मोठा संग्रह आहे, आपल्याकडे पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा. प्रयोगशाळा फक्त 'अ' आणि 'ब' एक आहेत का ते सांगते. 'अ' चं नाव खरं की खोटं, ते संग्रहातल्या त्या वेलावर टांगलेल्या पाटीवर अवलंबून. माझ्या मते पैसा यंत्रांआधी अशा संग्रहांवर खर्च व्हायला हवा. यंत्र पाच वर्षांत भंगारात जातं.

मडगावची_माई | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

आमच्याकडे पोर्तुगालहून नातेवाईक येतात ते बाटल्या आणतात. एकीवर टिंटा रोरिझ, दुसरीवर अरागोनेझ. मी आपली वेगळी समजून वेगवेगळ्या पाहुण्यांना वाढते. आता भीतीच वाटायला लागली.

अंत्रुजकर | गुरुवार, रात्री ८:५०

भीती खरी आहे, माई. :) दोन्ही एकच. दोरु नदीच्या खोऱ्यात रोरिझ, दक्षिणेला आलेंतेजूत अरागोनेझ, आणि सीमा ओलांडून स्पेनमध्ये टेम्प्रानिल्यो. तसंच पोर्तुगालचं जाएन आणि स्पेनचं मेन्सिया एकच, फेर्नांव पिरेश आणि मारिया गोमेश एकच. पोर्तुगालची खरी अडचण वेगळी. दोरुच्या जुन्या मळ्यांत एका बांधावर वीस-वीस जाती मिसळून लावलेल्या. मालकालाही सगळ्यांची नावं ठाऊक नसतात. तिथे वेलागणिक नमुना घ्यावा लागतो.

साखळीचा_वाटसरू | गुरुवार, रात्री ९:३०

मग आपल्या गोव्याच्या 'पोर्ट वाईन'ची चाचणी करा बघू. त्यात रोरिझ सापडतं का!

डिचोलीकर | गुरुवार, रात्री ९:३४

+१. आणि फेणीचीही करा. काजू कुठल्या गावचा ते कळू दे एकदा.

अंत्रुजकर | गुरुवार, रात्री १०:२०

रोरिझ शोधायला चाचणी कशाला? दोरुची हद्द १७५६ साली आखली गेली, खरी पोर्ट तिथलीच. आपली गोड पोर्ट बहुतेक परराज्यांतून आलेल्या बंगलोर ब्ल्यूसारख्या द्राक्षांची. बंगलोर ब्ल्यू म्हणजे इझाबेला, अमेरिकेच्या लॅब्रुस्का कुळाचं रक्त असलेलं. तो जो विशिष्ट गोडसर, अत्तरी वास येतो ना, जो लहानपणी नाताळच्या केकबरोबर नाकात बसलाय, तो त्या कुळाचा. युरोपीय चाखणारे त्या वासाला नाकं मुरडतात. मला आवडतो, काय म्हणायचं ते म्हणा.

बाटलीतल्या वाईनवरून जात ओळखणं मात्र जिकिरीचं. ताज्या रसातून डीएनए मिळतो. किण्वन, म्हणजे रस आंबणं, सुरू झालं की यीस्टचा स्वतःचा डीएनए भरमसाट, द्राक्षाचा तुटत जातो. मग वाईन निवळवायला बेंटोनाइट माती घालतात, गाळतात, वर्षभर ठेवतात. शेवटी उरतात ते चिटुकले तुकडे. संशोधनात काहींनी त्यातूनही जात ओळखून दाखवली आहे, पण न्यायालयात टिकेल असा भरवसा नाही. दोन-तीन जातींचं मिश्रण असेल तर आणखी गोंधळ.

आणि डिचोलीकर, फेणीत डीएनए येण्याचा प्रश्नच नाही. भट्टीतून वाफ चढते, डीएनए खाली भांड्यातच राहतो. गाव ओळखायला तुमचं नाकच बरं.

तासगावची_लेक | शुक्रवार, सकाळी १०:१०

सोनाकाचं कळलं, भावाला वाचून दाखवलं, गप्प झाला. आता दुसरं. आमचे सगळे वेल डॉगरीज खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या दुसऱ्या जातीवर, कलम भरलेले. पण एका तुकड्यात वेल दरवर्षी मागे पडतात, एप्रिल छाटणीनंतर काडी नीट येत नाही. खुंटच दुसरा असेल का?

अंत्रुजकर | शुक्रवार, दुपारी १:४०

हे मात्र मार्करचं हक्काचं काम. डॉगरीज अमेरिकेतल्या रानटी द्राक्षाच्या कुळातला, थॉमसनशी त्याचे आकडे मुळीच जुळत नाहीत, आणि ११०-आर किंवा १४०-आरयू या खुंटांशीही नाहीत. फक्त नमुना वरच्या पानाचा देऊ नका, तो थॉमसनच दाखवणार. कलमाच्या जोडाखालून खुंटाचा फुटवा येतो ना, जो आपण काढून टाकतो, त्याचं कोवळं पान घ्या. फुटवा नसेल तर बारीक मूळ. मागे पडलेले दोन वेल आणि जोमाचे दोन, असे नमुने द्या, म्हणजे तुलना होते. पण त्याआधी त्या तुकड्यातली माती-पाणी तपासून घ्या. खुंटाला उगाच बोल लागायला नको.

सत्तरीचा_मास्तर | शुक्रवार, रात्री ८:१५

मूकवाचक आहे, पण आज राहवलं नाही. वाळपईला घराच्या पडवीवर एक द्राक्षाचा वेल चढवलाय. रोप एका प्रदर्शनात घेतलं, चिठ्ठीवर 'ब्लॅक शिराज, इराणी' असं होतं. पावसात केवड्याने (बुरशीच्या रोगाने) पानं झडतात, तरी दरवर्षी चार-दोन घड धरतो. आता तुमचा धागा वाचून शंका येते. डीएनए करावा का? खर्च किती?

अंत्रुजकर | शुक्रवार, रात्री ९:००

मास्तर, 'इराणी' तर आधी खोडा. शिराज म्हणजेच सिरा, त्याचे आईबाप याच मार्करांनी सापडलेत: द्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश. दोन्ही फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या जाती. इराणच्या शहराशी नावापलीकडे संबंध नाही.

उरलं तुमचं रोप. पैसे घालवण्याआधी दोन गोष्टी बघा. पान पालथं करा, खाली दाट पांढुरकी लव आहे का? आणि एका फांदीवर ओळीने पेरं मोजत जा, तणावे (आधाराला गुंडाळणारे तंतू) कुठे कुठे आहेत? युरोपीय द्राक्षात दोन पेरांवर तणावा आला की तिसरं पेर रिकामं असतं. लॅब्रुस्का कुळात सलग प्रत्येक पेरावर येतो. मिश्र जातीत थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाज लागतो.

सत्तरीचा_मास्तर | शनिवार, सकाळी ७:०५

उजाडल्याबरोबर बघून आलो. पानाखाली फ्लॅनेलसारखी लव. तणावे सलग पाच पेरांवर आहेत, सहावं रिकामं. आणि आठवलं म्हणून सांगतो, घड पिकला की मणी दाबल्यावर साल हातात राहते आणि गर अख्खा गोळा होऊन तोंडात जातो.

अंत्रुजकर | शनिवार, सकाळी ८:२५

मग शिराज नव्हे, हे नक्की. साल अशी सुटणं हीसुद्धा लॅब्रुस्काचीच खूण. बहुधा बंगलोर ब्ल्यू. आपल्या पावसात तग धरून आहे यावरूनही तसंच वाटतं, शिराज एवढ्यात मेलं असतं. खात्रीच करायची असेल तर शेंड्याची दोन-तीन पानं कागदी पाकिटात घाला, पाकीट सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रीजची गरज नाही, पान दोन दिवसांत कडकडीत वाळलं पाहिजे. पुण्याला जाईन तेव्हा जुन्या सहकाऱ्यांकडे देतो, खर्चाचं तिथे विचारून कळवतो.

मापशेकार | शनिवार, सकाळी ८:४०

मास्तर, घड धरले की कळवा. पोर्ट घरीच करू.